वाचकांचे प्रश्न : रेस दिली की गुदमरणारे इंजिन

प्रश्न : शापोरा नदीच्या मुखाशी मी फायबरच्या होडीतून जाळे टाकतो. होडीला 9.9 अश्वशक्तीचे, दोन सिलिंडरचे टू-स्ट्रोक आऊटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून बसवायचे इंजिन) आहे. जून-जुलैत ते टाकीतल्या पेट्रोलसह झाकून ठेवले होते. आता दहा-बारा वेळा दोरी ओढल्यावर ते सुरू होते आणि मंद गतीवर बरे चालते. पण रेस दिली की गुदमरते. दोन्ही प्लग नवे घातले, तरी फरक पडला नाही. मेकॅनिक नवा कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) घ्यायला सांगतो. तोवर अर्ध्या रेसवर काम भागवू का?
— एक वाचक, शिवोली

उत्तर : आधी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण इंजिनाचा जीव त्यातच अडकला आहे : चालवू नका. पेट्रोलमध्ये तेल मिसळून चालणाऱ्या टू-स्ट्रोकमध्ये बेअरिंग आणि पिस्टन यांना जे वंगण मिळते ते पेट्रोलबरोबरच येते. त्यामुळे एखाद्या सिलिंडरला पेट्रोल कमी पडले की तेलही कमी पडते, सिलिंडर तापतो आणि पिस्टन जाम होतो. शापोऱ्याच्या तोंडाशी असलेल्या वाळूच्या पट्ट्यांवर, ओहोटीच्या ओढीत इंजिन बंद पडणे म्हणजे काय, हे आपणांस मी सांगायला नको.

पहिला संशय टाकीतल्या जुन्या पेट्रोलवर घ्यावा. हल्ली पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल पाणी ओढून घेते. पावसाळ्यात झाकणातून किंवा हवेच्या छिद्रातून पुरेसे पाणी आत गेले, तर पाणी आणि इथेनॉल यांचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो. आपले टू-स्ट्रोक तेल मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहते. टाकीची नळी तळातून ओढते, म्हणजे इंजिनाला नेमका तो थर मिळतो जो धड पेटत नाही आणि ज्यात तेल नसते. तळातले थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून तासभर स्थिर ठेवावे. दोन थरांमधली रेघ दिसली, तर सगळे पेट्रोल बाजूला काढून टाकी कोरडी करावी.

त्यानंतर, कार्बोरेटर उघडण्याआधी, दोन्ही सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन आत निर्माण करतो तो दाब, मोजून घ्यावे. हे आधी करण्याचा माझा आग्रह आहे, कारण पिस्टनच्या रिंगा गेल्या असतील तर कार्बोरेटरवर केलेला खर्च वाया जातो. दोन्ही प्लग काढून, त्यांच्या तारा इंजिनाच्या धातूला नीट टेकवून, एकेका प्लगच्या भोकात दाब मोजणारे गेज बसवून, रेस पूर्ण उघडी ठेवून दोरी पाच-सहा वेळा जोरात ओढावी. आकडा मॉडेलनुसार बदलतो. पण दोन सिलिंडरमधला फरक साधारण 10 टक्क्यांपेक्षा अधिक नसावा.

कॉम्प्रेशन ठीक निघाले, तर ताजे मिश्रण भरावे, होडी जेटीला घट्ट बांधावी, पंख्याजवळ कोणी नाही याची खात्री करून गिअरमध्ये रेस द्यावी आणि इंजिन गुदमरू लागताच सोबत्याला पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा दाबत राहायला सांगावे. नुसत्या पिंपातल्या पाण्यात इंजिनावर हवा तसा भार येत नाही, म्हणून ही चाचणी तिथे करून भागत नाही. फुगा दाबल्यावर इंजिन सावरले, तर कार्बोरेटर निर्दोष असण्याचीच शक्यता अधिक : टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद असेल, नळीच्या जोडातून हवा ओढली जात असेल, गाळणी तुंबली असेल, किंवा पेट्रोल पंपाचा पातळ पडदा कडक झाला असेल. फुग्याने फरक पडला नाही, पण चोक (हवा कमी करून मिश्रण दाट करणारी कळ) थोडा ओढताच इंजिन क्षणभर सावरले, तर कार्बोरेटरचा मोठा जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोक) वाळलेल्या चिकट राळेने अरुंद झाला आहे असे समजावे. मंद गतीचा मार्ग वेगळा असल्याने तिथे इंजिन बरे चालते. तेव्हाही कार्बोरेटर बदलायचा नसतो, उघडून धुवायचा असतो. जेटमध्ये तार मात्र घालू नये. भोक किंचित जरी मोठे झाले तरी मिश्रण कायमचे बिघडते. कार्बोरेटर क्लीनर आणि दाबाची हवा पुरते.

चोकने उलट अधिकच बिघडले, तर ठिणगीकडे वळावे. नवा प्लग म्हणजे चांगली ठिणगी नव्हे. खाऱ्या हवेत ठिणगीला वीज पुरवणाऱ्या कॉइलच्या तारांचे जोड आतून हिरवे पडतात आणि भाराखाली एक सिलिंडर मिसिंग करू लागतो.

प्रश्न : इंजिन जपण्यासाठी मिश्रणात तेल थोडे जास्त घातले, तर बरे ना?
— एक वाचक, बेतूल

उत्तर : नाही. तेलाने जागा घेतली की तेवढ्याच जेटमधून पेट्रोल कमी जाते, मिश्रण उलट पातळ होते आणि प्लगवर काजळी धरते. पुस्तिकेत 50:1 लिहिले असेल, तर 10 लिटर पेट्रोलला 200 मिलिलिटर तेल मोजून घालावे, आणि तेही डब्यावर टीसी-डब्ल्यू 3 (पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक आऊटबोर्डच्या तेलाची खूण) असे छापलेले, स्कूटरचे नव्हे.