ट्रॅकवर चार-पाच फेऱ्यांनंतर गाडी अचानक बंद पडते आणि दहा मिनिटांनी आपोआप चालू होते. दोष नेमका कुठे शोधायचा?

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं: २००२ ची होंडा सिटी व्हीटेक, कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे. चौथ्या-पाचव्या फेरीत तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन झटक्यात गेलं, आरपीएमचा काटा थेट शून्यावर. दहा-बारा मिनिटांनी गाडी काही झालंच नाही अशी चालू. रोजच्या रस्त्यावर कधीच त्रास नाही, गॅरेजमध्ये कोडही (ईसीयूने, म्हणजे इंजिनच्या संगणकाने, साठवलेला दोषाचा क्रमांक) मिळाला नाही. आणि आता तुम्ही फ्युएल पंप बदलायला निघाला आहात.

पंप अजून बदलू नका. मी नेमकं हेच करून बसलो आहे. माझी सिटी मद्रासच्या ट्रॅकवर अशीच बंद पडायची. पुण्यात परतल्यावर गॅरेजच्या सल्ल्याने पंप बदलला, फिल्टर बदलला, इंजेक्टर साफ करून घेतले. पुढच्या ट्रॅक डेला (आपली गाडी ट्रॅकवर चालवायला मिळते तो दिवस) पाचव्या फेरीत गाडी पुन्हा कडेला. त्या दिवशी कळलं की मी सुटे भाग बदलत होतो, दोष शोधतच नव्हतो. अंगात ताप असताना घरी बसायचं आणि उतरल्यावर डॉक्टरकडे जायचं, तसं चाललं होतं माझं. गाडी बंद असतानाची ती दहा मिनिटं हाच तुमचा तपासणीचा वेळ आहे. तो वाया घालवू नका.

आधी तुम्हाला मिळालेली खूण नीट वाचू. गाडी गिअरमध्ये असली की इंजिन बंद पडलं तरी चाकं क्रँकला, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याला, फिरवत राहतात. नुसतं पेट्रोल तुटलं तर स्पार्क चालूच असतो, त्यामुळे काटा वेगाबरोबर हळूहळू उतरतो. गाडी आधी धापा टाकते, झटके देते. काटा एकदम शून्यावर पडला याचा अर्थ इग्निशनकडून येणारा सिग्नलच गेला. फक्त एक गोष्ट आठवून बघा, त्या क्षणी तुम्ही क्लच दाबला होता का? दाबला असेल तर इंजिन थांबून काटा तसाही शून्यावर येतो, मग या खुणेवर विसंबता येणार नाही.

‘टाकी अर्धी ठेव’ असं तुम्हाला कुणीतरी सांगितलंय. सल्ला चांगला आहे, पण तो वेगळ्या दुखण्याचा. ०.८ जीच्या (बाजूचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट) वळणात टाकीतल्या पेट्रोलचा पृष्ठभाग जवळजवळ ३९ अंशांनी कलतो, पेट्रोल ओढणारं तोंड (पिकअप) उघडं पडतं आणि पंप हवा ओढतो. पण ते ठरावीक बाजूच्या लांब वळणात होतं आणि सरळ रस्ता लागला की क्षणात सुधारतं. त्यासाठी दहा मिनिटं लागत नाहीत. दहा मिनिटं लागतात ती काहीतरी थंड व्हायला.

आता गाडी बंद पडली की काय करायचं. सगळ्यात आधी रेसिंग लाइन सोडा आणि कडेला या. किल्ली काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल. ब्रेक बूस्टरमध्ये (ब्रेक हलका करणारा भाग) दोन-तीन वेळा दाबण्यापुरताच व्हॅक्यूम उरतो, म्हणून पेडल पुन्हापुन्हा पंप करू नका. ट्रॅकच्या कडेला बॉनेट उघडायचं नाही, मार्शलना (ट्रॅकवरच्या सुरक्षा कर्मचाऱ्यांना) गाडी ओढून पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्या उभ्या करायच्या आवारात, आणू द्या. घाई नाही. इंजिन थांबलं की हवेचा झोत थांबतो आणि बॉनेटखालची उष्णता काही मिनिटं उलट वाढते, त्यामुळे दोष लगेच पळून जात नाही.

पॅडॉकमध्ये किल्ली ऑनवर फिरवा, स्टार्ट करू नका. चेक इंजिनचा दिवा दोन सेकंद लागून विझायला हवा, आणि तेवढाच वेळ मागच्या सीटखालून पंपाचा गुंजल्यासारखा आवाज यायला हवा. (आजूबाजूला गाड्यांचा गोंगाट असतो, मित्राला सीटला कान लावून बसवा.) डॅशबोर्डवरचे सगळेच दिवे गेले असतील तर इग्निशन स्विच, मेन फ्यूज किंवा बॅटरीचं टर्मिनल बघा. बाकीचे दिवे आहेत, पण चेक इंजिनचा लागतच नाही आणि पंपही गप्प, तर ईसीयूला वीज पोचत नाहीये. मग संशय मेन रिलेवर, म्हणजे ईसीयू आणि पंपाला वीज देणाऱ्या स्विचवर. ईसीयूच झोपला असेल तर तो कोड कुठून साठवणार! दिवा आणि पंप दोन्ही ठीक, पण स्पार्क टेस्टरवर ठिणगी नाही, तर डिस्ट्रिब्युटरच्या (प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वाटणारा डबा) आत बघायचं: इग्नायटर (कॉइलची वीज चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक भाग), कॉइल, सेन्सर. हे सगळं त्या एका डब्यात, इंजिनला चिकटून तापत असतं. गरम झालं की मरणारा आणि थंड झाला की उठणारा इग्नायटर या इंजिनांवर अनेकांनी पाहिला आहे. वायर हातात धरून स्पार्क बघू नका, टेस्टर स्वस्त मिळतो.

कोडबद्दल एक शंका आहे. त्या काळच्या होंडांमध्ये डॅशखालचा दोन पिनांचा सर्व्हिस कनेक्टर वायरने जोडला की चेक इंजिनचा दिवा उघडझाप करून कोड सांगतो; लांब झाप म्हणजे दहा, छोटी म्हणजे एक. ४ किंवा ८ आला तर डिस्ट्रिब्युटरमधले सेन्सर, १५ आला तर इग्निशनचा आउटपुट. गॅरेजने नुसता स्कॅनर लावून ‘काही नाही’ म्हटलं असेल तर ही तपासणी राहिली आहे.

माझ्या गाडीत चेक इंजिनचा दिवा लागला नव्हता. डॅशखालचा मेन रिले काढला, टोपण उघडलं आणि भिंग धरलं, तर एका जाड पिनेभोवतीचा डाख गोल तडकलेला, केसाएवढी रेघ. उष्णतेने आणि कर्बवरच्या (वळणाच्या कडेचे उंचवटे) दणक्यांनी ती रेघ उघडत होती. जुना डाख शोषून काढून नवा दिला, बस्स. पंपाचा खर्च डोळ्यांसमोर आला आणि फार वाईट वाटलं, कारण उत्तर आधीच्या वेळीही त्याच दिव्यात होतं. मी बघितलं नव्हतं.

घरी दोन प्रयोग करून बघा. इंजिन आयडलवर असताना स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने रिलेवर हलके टिचके मारा, इग्निशन स्विचच्या मागची वायरिंग हलवा. इंजिन अडखळलं तर जागा सापडली. नाही अडखळलं, तर हेअर ड्रायरने डिस्ट्रिब्युटरला दहा-पंधरा मिनिटं शेक द्या आणि स्पार्क तपासा. यातून काही निघालं नाही म्हणजे ते भाग निर्दोष असं मात्र समजू नका, ट्रॅकएवढी उष्णता आणि दणके घरी मिळत नाहीत.

पुढच्या वेळी ट्रॅकवर गाड्यांची तपासणी करणाऱ्यांची परवानगी घेऊन एक छोटा कॅमेरा घट्ट बसवा, त्यात आरपीएमचा काटा आणि दिवे दोन्ही दिसू देत. जुन्या गाडीला याहून स्वस्त डेटा लॉगर (नोंदी ठेवणारं यंत्र) नाही. आणि बंद पडल्यावर पॅडॉकमध्ये चेक इंजिनचा दिवा लागला की नाही, पंप वाजला की नाही, एवढं इथे कळवा. पुढचं त्यावरून सांगतो.