तीन सिग्मा आले म्हणून लगेच पेढे वाटू नकोस

तुझी मेल दोनदा वाचली. एका क्वेसारसमोरच्या, म्हणजे अतिदूरच्या झगझगीत आकाशगंगेच्या केंद्रासमोरच्या, वायूच्या ढगात अल्फा, म्हणजे प्रकाश आणि विद्युतभार यांचं नातं ठरवणारा स्थिरांक, आजच्यापेक्षा जरा कमी येतोय, तीन सिग्मा, म्हणजे फरक एररच्या तिप्पट, गाईड म्हणतायत पेपर लिहायला घे, पोस्टडॉक म्हणतोय थांब, आणि तुला कळत नाहीये की खूश व्हायचं की घाबरायचं. घाबर. पण उत्तराला नाही, उत्तर काय यायचं ते येईल. वेव्हलेंग्थ कॅलिब्रेशनबद्दल, म्हणजे स्पेक्ट्रमवरची कुठली जागा कुठली वेव्हलेंग्थ हे ठरवण्याबद्दल, तुझ्या एवढ्या लांबलचक मेलमधे एकच ओळ आहे, 'ते पाइपलाइननं झालंय', म्हणजे तयार सॉफ्टवेअरनं, त्या ओळीला घाबर.

धीर सोडू नकोस वगैरे मी लिहिणार नाही, धीर नसता तर तू या विषयात इतकी वर्षं टिकलीच नसतीस. मी एकच गोष्ट सांगणार आणि तीच तीच सांगणार, कंटाळा आला तरी वाच: आधी पट्टी तपास, म्हणजे तुझं वेव्हलेंग्थचं मोजमाप.

आता आकडे बघ. १९९९ पासून वेब, मर्फी, फ्लॅमबॉम या मंडळींनी हवाईच्या केक दुर्बिणीच्या डेटातून अल्फात जो बदल सांगितला तो लाखात जेमतेम अर्धा भाग. तेवढ्यानं लोखंडाची स्पेक्ट्रममधली २३८२ अँगस्ट्रॉम वेव्हलेंग्थची रेषा मॅग्नेशियमच्या २७९६ च्या तुलनेत सरकते, वेगाच्या भाषेत, साधारण शंभर मीटर प्रति सेकंद. आणि तुझा एक पिक्सेल आहे दोन किलोमीटर प्रति सेकंदाच्या घरातला. म्हणजे तू पिक्सेलचा विसावा हिस्सा मोजतेयस, तोही वेव्हलेंग्थ माहीत असलेल्या एका थोरियम-आर्गॉनच्या दिव्याच्या भरवशावर, ज्याचा उजेड क्वेसारच्या वाटेनं येतच नाही! दिव्याचा उजेड स्लिट, म्हणजे स्पेक्ट्रम काढणाऱ्या यंत्राच्या, स्पेक्ट्रोग्राफच्या, तोंडाची फट, अख्खी भरतो, क्वेसार म्हणजे स्लिटमधे कुठेतरी बसलेला ठिपका, जरा डावीउजवीकडे झाला की रेषा हलली, आणि पाइपलाइनला त्याचा पत्ताही नाही. तिचे रेसिड्युअल, म्हणजे फिटनंतर उरलेले फरक, छान छोटे दिसतात कारण ती दिवा दिव्याशीच ताडून बघते. हे मी तुझ्या आधी किती जणांना सांगितलं असेल, सगळे मान डोलावतात आणि परत पाइपलाइन चालवतात.

आपल्या पुण्यातच बघ की. २०१३ मधे आयुका या खगोलसंस्थेच्या रहमानी, श्रीआनंद आणि त्यांच्या बाहेरच्या सहकाऱ्यांनी लघुग्रहांवरून परतणारा सूर्यप्रकाश चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीच्या यूव्हीईएस स्पेक्ट्रोग्राफमधून घेतला आणि सूर्याच्या माहीत असलेल्या स्पेक्ट्रमशी ताडला. निळ्याकडून लालकडे जाताना पट्टीच ताणलेली निघाली. २०१५ मधे व्हिटमोर आणि मर्फींनी केक आणि व्हीएलटी दोन्हींचा जवळपास वीस वर्षांचा डेटा उपसून तेच दाखवलं, हजार अँगस्ट्रॉममागे दोनशे मीटर प्रति सेकंदापर्यंत. आता वर जा आणि सिग्नल किती होता ते परत वाच. आणि यात मर्फी स्वतः आहेत हे विसरू नकोस, ज्या माणसाचं नाव त्या शोधावर आहे त्यानंच पट्टी वाकडी असल्याचं छापलं, याला मी मानतो.

बरं, तू म्हणशील म्हणजे सर शून्याच्या बाजूचे, अल्फा बदललाच नाही म्हणणारे. अजिबात नाही, आणि हाच मुद्दा कुणाच्या डोक्यात शिरत नाही म्हणून माझी चिडचिड होते. २००४ मधे श्रीआनंद, हम चंद, पेतिज्याँ आणि अरासिल यांनी व्हीएलटीच्या २३ सिस्टिम्सवरून, म्हणजे अशाच वायूच्या ढगांवरून, सांगितलं की बदल उणे ०.०६ अधिक-उणे ०.०६, दहा-घात-उणे-पाच या एककात. शून्यच की! पुणेकर म्हणून छाती फुगलीच, आणि बाहेरही बऱ्याच जणांनी सुटकेचा श्वास टाकला, चला, अल्फा जागेवर आहे. मग २००७ मधे वेबच्या गटानं दाखवलं की त्या डेटातून एवढा छोटा एरर निघूच शकत नाही, त्यांच्या हिशोबानं तो उणे ०.६४ अधिक-उणे ०.३६. त्यावर आपल्या लोकांनी उत्तर दिलं की मूळ निष्कर्ष टिकतो. कोण किती बरोबर यावर मी अजूनही तासभर भांडू शकतो, पण तुझ्यासाठी गोष्ट वेगळी आहे. विचित्र उत्तर आलं की आपण एरर शोधायला लागतो, हवं ते उत्तर आलं की शोधणं थांबवतो. म्हणून पट्टी आधी. शून्य आलं तरी तेवढंच छळायचं जेवढं तीन सिग्माला छळशील. तू उत्तर आधीच बघून बसलीयेस, आता त्याला इलाज एकच, नवीन फिटमधे स्पेक्ट्रमच्या प्रत्येक तुकड्याला एक अनोळखी शिफ्ट देऊन ठेव, आकडा पोस्टडॉककडे बंद राहू दे, आणि सगळे निर्णय झाल्यावरच उघड.

आणि मॅग्नेशियमचे आयसोटोप, म्हणजे त्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू, धरलेस का? २४, २५, २६ चं प्रमाण इथे पृथ्वीवर ७९, १०, ११ टक्के आहे म्हणून आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या ढगात तेच असेल हे तुला कुणी सांगितलं? जड आयसोटोपचा वाटा बदलला की रेषा सरकते आणि अल्फा बदलल्यासारखा दिसतो. यावर मेलमधे एक शब्द नाही.

मला माहितीये तुला काय वाटतंय, हा म्हातारा आयुष्यभर दिवे तपासत बसला म्हणून त्याला दिव्यापलीकडे काही दिसत नाही. वाटू दे. एका प्रमोशनच्या मुलाखतीत मला विचारलं होतं की तुमचा शोध कोणता, आणि मी वेव्हलेंग्थ सोल्यूशनबद्दल बोलायला लागलो तर समोरचे घड्याळ बघायला लागले. घरीही विचारायचे काय दिवे लावले, तर हो, दिवेच लावले, थोरियमचे! लेखकांच्या यादीत माझं नाव कायम मधेच कुठेतरी राहिलं, आणि याचं मला वाईट वाटत नाही असं म्हणालो तर ते खोटं असेल. सोबतचे मोठ्या सिद्धांतांवर भाषणं देत फिरले, तेव्हा मी मात्र स्लिटमधला ठिपका बघत होतो. पण ज्या पेपरांत मी होतो त्यांचे एरर कुणाला मागे घ्यावे लागले नाहीत, एवढं म्हणायचा हक्क मला आहे.

गाईड तुला म्हणतील की दुसऱ्या पद्धतींनी क्रॉसचेक होईलच. होईल, पण त्याच्या जिवावर राहू नकोस. गॅबनमधल्या ओक्लोच्या खाणीत सुमारे १८० कोटी वर्षांपूर्वी आपोआप चाललेली अणुभट्टी १९७२ ला सापडली, श्ल्याख्तरनं १९७६ मधे तिथल्या समेरियम-१४९ वरून अल्फावर कडक मर्यादा काढली, पण त्यात भट्टीचं तापमान किती आणि बाकीचे स्थिरांक हलले का हे गृहीत धरावं लागतं. जर्मनीतल्या पीटीबी या मापनसंस्थेच्या यटर्बियम अणुघड्याळांनी २०२१ मधे दाखवलं की आज वर्षाला दहा-घात-उणे-अठराच्या आसपासही बदल दिसत नाही. केकवाल्यांचा बदल दहा अब्ज वर्षांत सरळ रेषेत झाला असता तर घड्याळांना तो शेकडो पट मोठा दिसायला हवा होता. पण सरळ रेषेतच होतो हे कुणी ठरवलं? प्रत्येकाची पट्टी वेगळी, आणि प्रत्येकाला आपापली तपासावी लागते, तुझी त्यांच्यापैकी कुणी तपासून देणार नाहीये.

एस्प्रेसो या स्पेक्ट्रोग्राफचा २०२२ चा पेपर काढून बस. एचई ०५१५-४४१४ हा एकच क्वेसार, सुमारे १६ तासांचा डेटा, आणि उत्तर दशलक्षात १.३ अधिक-उणे १.३, सिस्टेमॅटिक, म्हणजे यंत्र आणि पद्धतीतून येणारा, एरर ०.४ वेगळा लिहिलेला. तो ०.४ कुठून आला ते ओळीओळीनं वाच, उत्तराकडे बघूही नकोस.

मग कामाला लाग. तुझ्या रात्रींच्या आसपास त्याच सेटिंगमधे कुणी लघुग्रह किंवा सूर्यासारखा तारा घेतलाय का ते अर्काइव्हमधे शोध. लोखंडाची १६०८ ची रेषा तुझ्या रेंजमधे येत असेल तर ती वेगळी फिट कर, अल्फा बदलला तर ती २३८२ च्या उलट दिशेला सरकायला हवी, दोघी एकाच बाजूला गेल्या तर तो पेपर नाही, तो स्पेक्ट्रोग्राफ आहे. गाईडना सांग दोन महिने लागतील, रागावले तर माझं नाव सांग, आमचं जुनं भांडण आहेच त्यात आणखी एक. मला प्लॉट पाठवशील तो अल्फाचा नको, रेसिड्युअलचा, आडव्या अक्षावर वेव्हलेंग्थ, उभ्या अक्षावर मीटर प्रति सेकंद. शनिवारी फोन कर, पण दुपारी एक ते चार नको.