पोकरमधील सलग हार: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांत एकच समजूत निरनिराळ्या शब्दांत भेटते: 'इतके दिवस हरलो, म्हणजे आता जिंकायची पाळी माझी.' म्हणून या वेळी फक्त पोकर खेळणाऱ्यांचे आणि त्यांच्या घरच्यांचे प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न: मी सावंतवाडीहून पणजीला, मांडवीतल्या कॅसिनोत खेळायला येतो. हातात एक्क्यांची जोडी असूनही दोनदा हरलो. पत्ते वाटण्यात गडबड असेल का?

उत्तर: एवढ्यावरून तसे म्हणता येत नाही. राजांच्या जोडीसमोरसुद्धा एक्क्यांची जोडी शंभरांत साधारण 18 वेळा हरते.

प्रश्न: वर्षभरातली हार जिंकलेल्या रकमेतून वजा करून आयकर भरता येतो का?

उत्तर: नाही. जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के दराने कर लागतो आणि हार वजा होत नाही. तपशिलासाठी चार्टर्ड अकाउंटंटना भेटा.

प्रश्न: सलग नऊ बैठका हरलो. मित्र म्हणतात, बाय-इन, म्हणजे टेबलावर बसताना लावायची रक्कम, दुप्पट केला की एका रात्रीत वसुली होते. दुकानाच्या मालासाठी ठेवलेले पैसे वापरू का?

उत्तर: वापरू नका. मागची बैठक पत्त्यांच्या लक्षात राहत नाही, ती फक्त तुमच्या लक्षात राहते. 18 ऑगस्ट 1913 रोजी मोंटे कार्लोच्या कॅसिनोत रुलेटची गोटी सलग 26 वेळा काळ्या घरात पडली, आणि 'आता तांबडेच येणार' या खात्रीने रक्कम वाढवत गेलेल्यांनी प्रचंड पैसा घालवला. पोकरमध्ये कौशल्याला वाव आहे हे मला मान्य आहे. परंतु सलग हारीनंतर तेच आधी ढळते, कारण ज्याला खेळणारे 'टिल्ट' म्हणतात त्या अवस्थेत माणूस एरवी टाकून दिले असते ते पत्तेही धरून बसतो, आणि वसुलीच्या घाईत मोठ्या रकमेच्या टेबलावर आपल्याहून सरस खेळाडूंसमोर जाऊन बसतो. शिवाय कॅसिनो आपला वाटा, म्हणजे रेक, कापून घेतोच. तेव्हा सारख्याच कुवतीचे लोक खेळत राहिले, तर कालांतराने सगळेच तोट्यात जातात.

माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांनी खिशातली वही दाखवली होती. डावीकडे नेलेली रक्कम, उजवीकडे परत आणलेली, प्रत्येक बैठकीची तारीख नीट लिहिलेली. मधल्या एका पानापासून मात्र फक्त जिंकलेल्या रात्री उरल्या होत्या. हरलेल्या रात्रींच्या तारखासुद्धा नव्हत्या. तोवर खेळातला तोटा दुकानाच्या उधारीत शिरलेला होता, आणि ते आले तेही दोन वर्षे उशिरा. हरलेले परत मिळवायला पुन्हा बसणे हे जुगाराच्या विकाराच्या नऊ निकषांपैकी एक आहे, आणि बारा महिन्यांत चार निकष जुळले तर निदान होते. 2013 पासून अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत हा विकार दारूच्या व्यसनाशेजारी नोंदला जातो. ते निकष घरी बसून स्वतःला लावू नका. तूर्त खेळ थांबवा, हरलेल्या रात्रींसकट पूर्ण हिशेब लिहा आणि तो घेऊन मानसोपचारतज्ज्ञांकडे या.

प्रश्न: टेलिग्रामवर 'हारीतून बाहेर काढणारा' कोर्स विकत मिळतो, सोबत परदेशी संकेतस्थळाचा बोनसही. घ्यावा का?

उत्तर: घेऊ नये. बोनस मिळतो तो तुम्ही पुन्हा पैसे भरावेत म्हणून. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवण्यास आणि त्यांची जाहिरात करण्यास बंदी घातली आहे. अशा ठिकाणी पैसे अडकले तर दाद कोणाकडे मागणार? आधीच अडकले असतील तर वकिलांचा सल्ला घ्या.

प्रश्न: आम्ही फोंड्याचे. माझे यजमान मित्रांच्या घरी पोकर खेळतात. चवथीच्या पत्त्यांपासून सुरुवात झाली, आता कर्ज लपवतात. माझे दागिने गहाण ठेवून ते एकदाचे फेडू का?

उत्तर: ताई, आज नको. सगळी देणी कागदावर आल्याशिवाय फेडलेले कर्ज बहुधा पुढच्या बैठकीचे भांडवल होते. त्यांना घेऊन बांबोळीच्या मानसोपचार संस्थेच्या बाह्यरुग्ण विभागात जा. ते येत नसतील तर तुम्ही एकट्या जा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येते. आणि 'मी नसलो तर बरे' असे शब्द त्यांच्या तोंडून आले, तर रात्र असली तरी थांबू नका, त्यांना एकटे सोडू नका, थेट रुग्णालयात न्या.