नोंद करताना शोधणारा डोळ्यांसमोर ठेव

अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, ग्रंथालय व माहितीशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्याचं तू कळवलंस आणि सुरुवात कुठून करावी असं विचारलंस. अभ्यासक्रम हातात पडला की वर्गीकरण, तालिकीकरण, संदर्भसेवा, माहितीची पुनर्प्राप्ती, संशोधनपद्धती, व्यवस्थापन असे सुटे सुटे विषय दिसतील आणि प्रत्येकाची वेगळी वही घालावीशी वाटेल. खुशाल घाल. पण सगळ्या वह्यांतून एक धागा ओवून घे. आज कुणीतरी एका पुस्तकाची नोंद करतं. काही वर्षांनी, त्या पुस्तकाचं नावही ठाऊक नसलेला दुसरा कुणी आपली गरज घेऊन शोधायला बसतो. या दोघांची गाठ पडावी म्हणून हा सगळा खटाटोप आहे. म्हणून कुठलाही धडा वाचलास की शोधणाऱ्याच्या खुर्चीत बसून तो एकदा पुन्हा वाच.

वर्गीकरण पहिल्या दिवसापासून हाती घे, कारण ते हाताला बसायला सर्वांत जास्त वेळ लागतो आणि परीक्षेच्या आधीच्या महिन्यात ते येत नाही. रोज पाच पुस्तकं, अर्धा तास, आठवड्यातून सहा दिवस. तीन महिन्यांत जवळजवळ चारशे पुस्तकं हाताखालून जातील. शीर्षकावर विसंबू नकोस. अनुक्रमणिका, प्रस्तावना आणि मलपृष्ठ पाहून आधी एका वाक्यात लिही, की हे पुस्तक कशाबद्दल आहे, कोणत्या शास्त्राच्या नजरेतून आहे आणि कुणासाठी आहे. मगच वर्गीकरणाचे तक्ते, म्हणजे विषयांना अंक देणाऱ्या याद्या, उघड. निर्देशीतून, म्हणजे तक्त्यांच्या शब्दसूचीतून, मिळालेला अंक थेट पुस्तकाच्या पाठीवर चढवायचा नाही. तक्त्यात त्या अंकाच्या वर काय आहे, खाली काय आहे आणि टीप काय सांगते हे वाचायचं. सुरुवातीच्या बहुतेक चुका इथेच होतात, टीप न वाचल्यामुळे.

ड्युई दशांश वर्गीकरण १८७६ साली आलं, त्याची तेविसावी आवृत्ती २०११ची. इतकी वर्षं ते टिकलं त्याचं एक कारण त्याच्या जोडणीत आहे. जपानसाठी भौगोलिक सारणीत ५२ हा अंक आहे. जपानचा इतिहास ९५२, जपानचा भूगोल आणि प्रवास ९१५.२, जपानमधलं शिक्षण ३७०.९५२, जपानमधली वृत्तपत्रं ०७९.५२. ५२ सगळीकडे तोच आहे, पण तो येण्याची वाट प्रत्येक ठिकाणी निराळी आहे. शिक्षणात तो प्रमाण उपविभागातल्या (कुठल्याही विषयाला जोडता येणाऱ्या ठरीव अंकांतल्या) ०९ मधून आला, इतिहासात थेट ९ ला चिकटला, वृत्तपत्रांत ०७९ च्या पुढे जाऊन बसला. असा एकेक देश घेऊन दहा-बारा विषयांतून फिरवून बघ. पाठांतराने जे येत नाही ते आठवड्याभरात उमगेल.

शून्यांची गफलत तर हमखास होते. विज्ञानाचा इतिहास ५०९ आहे. त्याच चालीवर सामाजिक शास्त्रांचा इतिहास ३०९ असेल असं वाटतं, पण तो आहे ३००.९. कारण ३०१ ते ३०७ ही जागा समाजशास्त्राला दिलेली आहे, म्हणून प्रमाण उपविभाग दशांशचिन्हाच्या पुढे गेले. शून्य किती घ्यायचे हे त्या त्या ठिकाणी तक्ताच सांगतो. अंदाजाने शून्य घातला की पुस्तक भलत्याच फळीवर जातं आणि तिथे ते कुणी शोधत नाही.

एका पुस्तकात दोन विषय आले तर नियम आहेत. एकाचा दुसऱ्यावर परिणाम सांगितला असेल, तर ज्याच्यावर परिणाम झाला त्या विषयात पुस्तक ठेवायचं. हवामानाचा शेतीवर होणारा परिणाम शेतीत जातो. दोन्ही विषय समान तोलाचे असतील तर तक्त्यात जो आधी येतो तो घ्यायचा. तीन किंवा अधिक विषय एकाच मोठ्या विषयाची अंगं असतील तर तो मोठा विषय घ्यायचा. हे तिन्ही नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव.

त्याच वहीत चार रकाने आख: पुस्तक, तुझा अंक, मोठ्या ग्रंथालयांच्या ऑनलाइन तालिकांत (ग्रंथसूचींत) सापडलेले दोन अंक, आणि फरक का पडला. आधी स्वतःचा अंक लिहायचा, नंतरच तुलना करायची. खरा अभ्यास चौथ्या रकान्यात होतो. कधी तू चुकलेलं असशील, तर कधी त्या दोन ग्रंथालयांनीच एकाच पुस्तकाला दोन वेगळ्या बाजूंनी पाहिलेलं असेल. दोन्ही अंक बरोबर असू शकतात, हे पचायला थोडे दिवस लागतात.

ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धत, १९३३ची, वापरणारी ग्रंथालयं आता थोडी आहेत, म्हणून विद्यार्थी ती परीक्षेपुरती उरकतात. तसं करू नकोस. विषय फोडायला शिकवणारं इतकं चांगलं हत्यार दुसरं नाही. ती विषयाचे पाच पैलू पाहते: व्यक्तित्व, पदार्थ, ऊर्जा, अवकाश, काल. ‘१९५०च्या दशकात जपानमधल्या भातपिकावरील रोगांचं नियंत्रण’ हा विषय घे. शेती हा मूळ वर्ग, भात हे व्यक्तित्व, रोग ही ऊर्जा, नियंत्रण ही दुसऱ्या फेरीतली ऊर्जा, जपान हा अवकाश, दशक हा काल. पदार्थाची जागा रिकामी. अशी फोड करता आली की विषयशीर्षकं देणं, शब्दार्थकोश बांधणं, डेटाबेसमध्ये शोधसूत्र रचणं ही तिन्ही कामं सोपी होतात, कारण तिथेही पैलूच वेगळे काढायचे असतात.

तालिकीकरणात आरडीए ही २०१०ची नियमावली आणि तिच्यामागची चार पायऱ्यांची कल्पना नीट समजून घे: कृती (लेखकाची मूळ निर्मिती), अभिव्यक्ती, प्रकटीकरण, प्रत. व्याख्या घोकून हे डोक्यात राहत नाही. वाचकाच्या तोंडचं वाक्य घे. ‘या कादंबरीचं मराठी भाषांतर आहे का?’ असं विचारणारा अभिव्यक्ती मागतोय. ‘हीच आवृत्ती हवी, पान क्रमांक जुळायला हवेत’ म्हणणाऱ्याला प्रकटीकरण हवंय. घरी जाते ती प्रत. बरीच भाषांतरं आणि आवृत्त्या झालेलं एखादं पुस्तक निवड आणि त्याचं झाड कागदावर काढ. एका संध्याकाळचं काम आहे.

मार्क २१ म्हणजे संगणकात नोंद ठेवण्याचा साचा. त्यातली सगळी क्षेत्रं पाठ करायची गरज नाही. ही नऊ मात्र झोपेतही आठवली पाहिजेत: ०२० आयएसबीएन, ०८२ ड्युई अंक, १०० मुख्य लेखक, २४५ शीर्षक, २५० आवृत्ती, २६४ प्रकाशन, ३०० पानं आणि आकार, ६५० विषय, ७०० इतर व्यक्ती. प्रत्येक क्षेत्रात चूक झाली तर शोधणाऱ्याचं काय बिघडतं, हे सोबत लिहीत जा. २४५ च्या दुसऱ्या दर्शकात (क्षेत्राच्या सुरुवातीच्या सूचक अंकात), वर्णानुक्रम लावताना सुरुवातीची किती अक्षरं सोडायची ते सांगायचं असतं. इंग्रजी शीर्षक ‘द’ने सुरू होत असेल तर तीन अक्षरं आणि एक मोकळी जागा मिळून ४. तिथे ० राहिला की वर्णानुक्रमाच्या यादीत अशी सगळी पुस्तकं ‘टी’खाली गोळा होतात. ००८ या चाळीस स्थानांच्या क्षेत्रात ३५ ते ३७ या स्थानांवर भाषेचा संकेत असतो. नमुना नोंदीतला इंग्रजीचा संकेत तसाच राहिला, तर भाषेनुसार गाळणी लावणाऱ्याला ते मराठी पुस्तक कधीच दिसणार नाही. नोंद वरवर पाहता निर्दोष दिसते, म्हणून ही चूक वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही.

दुसरीकडची तयार नोंद उतरवून घेताना आयएसबीएन जुळला म्हणून थांबू नकोस. आवृत्ती, वर्ष, प्रकाशक आणि पानसंख्या या चार गोष्टी पुस्तक हातात धरून पडताळ. पुनर्मुद्रण आणि नवी आवृत्ती यांतला घोळ इथेच सापडतो.

देवनागरी नोंदींबद्दल पाठ्यपुस्तकात फारसं मिळणार नाही, म्हणून जरा विस्ताराने सांगते आहे. ‘दुसऱ्या’ या शब्दातला ‘ऱ्य’ संगणकात दोन तऱ्हांनी साठवता येतो: ऱ आणि हलन्त घेऊन पुढे य, किंवा साधा र, हलन्त, मग न दिसणारं जोडचिन्ह आणि त्यापुढे य. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाला मात्र त्या दोन वेगळ्या अक्षरमाळा वाटतात. ‘ॲ’चंही तसंच: कधी ते एक अखंड अक्षर असतं, कधी अ आणि त्यावर चंद्र. आज्ञावलीने हे फरक मिटवले नसतील, तर पुस्तक तालिकेत असूनही शोध शून्य उत्तर देतो. उपाय साधा आहे. नोंद करणाऱ्या सगळ्यांनी एकच कळफलक वापरावा, आणि नोंद झाल्यावर तोच शब्द दुसऱ्या कळफलकावरून, मोबाइलवरूनही, टाइप करून शोधून पाहावा. वाचक जसा शोधेल तसा.

लेखकाच्या नावाचंही असंच आहे. एकच व्यक्ती आद्याक्षरांनी, पूर्ण नावाने आणि टोपणनावाने अशी तीन ठिकाणी विखुरली की वाचकाला तिची निम्मीच पुस्तकं सापडतात. नावाचं एक रूप ठरवून बाकीच्या रूपांकडून तिकडे वाट काढून देण्याचं काम कंटाळवाणं वाटेल. त्याला वेळ दे.

पुनर्प्राप्तीत प्रिसिजन (मिळालेल्यांत कामाचे किती) आणि रिकॉल (कामाच्यांपैकी मिळाले किती) या दोन मापांवर सगळे अडखळतात. आकडे घालून बघ. संग्रहात उपयोगी लेख ६० आहेत, शोधाने ४० लेख दिले, त्यांपैकी ३० कामाचे निघाले. मग प्रिसिजन ४० पैकी ३०, म्हणजे ७५ टक्के, आणि रिकॉल ६० पैकी ३०, म्हणजे ५० टक्के. आता स्वतःला विचार, ते ६० आलं कुठून? खऱ्या डेटाबेसमध्ये एकूण उपयोगी लेख किती हे कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून अनेक वेगवेगळे शोध करून त्यांची उत्तरं एकत्र करतात आणि त्या साठ्याशी तुलना करतात. हा मुद्दा उत्तरपत्रिकेत लिहिणारे थोडेच असतात.

शोधसूत्र लिहिताना प्रत्येक पैलूसाठी समानार्थी शब्दांचा एक गट कर. गटातले शब्द ‘ऑर’ने जोड, गट कंसात घाल, मग गट एकमेकांना ‘अँड’ने जोड. कंस विसरला की सूत्राचा अर्थच बदलतो आणि हजारो निरुपयोगी लेख पुढ्यात येतात. कोणत्या तारखेला, कुठे, कोणतं सूत्र घातलं आणि किती लेख आले, याची नोंद त्याच क्षणी ठेव. नंतर आठवत नाही.

संदर्भसेवेत पहिला प्रश्न हा बहुधा खरा प्रश्न नसतो. रॉबर्ट टेलर यांनी १९६८ साली गरजेच्या चार पायऱ्या मांडल्या: मनातली अस्फुट चणचण, तिची जाणीव, तिला शब्दांत बसवणं आणि शेवटी समोर कोण आहे ते पाहून मोडतोड करून विचारलेला प्रश्न. आपल्यापर्यंत पोचतो तो चौथा. ‘संख्याशास्त्राची पुस्तकं कुठे आहेत?’ असं विचारणाऱ्याला फळी दाखवून मोकळं होता येतं. ‘कशासाठी लागतंय, थोडं सांगाल का?’ असं विचारलं तर कळतं, की त्याच्याकडे भरून आलेल्या दीडशे प्रश्नावल्या आहेत आणि त्यांचं काय करायचं ते त्याला उमगत नाहीये. त्याला पुस्तक लागेल ते निराळंच. आपसात जोड्या करून असे संवाद घडवा. एकाने गरज चिठ्ठीवर लिहून लपवायची आणि अर्धवट प्रश्न विचारायचा, दुसऱ्याने हो-नाहीत उत्तर येणार नाही असे प्रश्न विचारत चिठ्ठीपर्यंत पोचायचं.

संगणकाच्या भागासाठी कोहा ही ग्रंथालयाचं काम चालवणारी मुक्त प्रणाली स्वतःच्या संगणकावर, आभासी यंत्रात लिनक्स घालून बसव. तिथे काहीही मोडलं तरी चालतं. दोन ठिकाणी अडशील. पुस्तकाची नोंद केली पण देवघेव होत नाही, कारण प्रतीची वेगळी नोंद, मार्कच्या ९५२ या क्षेत्रात, झालेली नसते किंवा देवघेवीचे नियम भरलेले नसतात. नोंद आहे पण शोधात येत नाही, कारण निर्देशांक अद्ययावत करणारी प्रक्रिया थांबलेली असते. पन्नास पुस्तकं आणि दहा खोटे सभासद घालून महिनाभर देवघेव चालव. मग बॅकअप घे आणि तो परत चढवून बघ. परत चढवून न पाहिलेला बॅकअप हिशेबात धरू नये.

व्यवस्थापनाचे धडे वाचून समजतात. त्यांच्यावर फार वेळ घालवू नकोस.

प्रबंधिकेचा विषय मात्र लवकर ठरव. ‘अमुक महाविद्यालयातील विद्यार्थ्यांची ई-संसाधनांविषयीची जाणीव’ या साच्यातले प्रबंध ढिगाने झाले आहेत आणि ‘जाणीव आहे का’ला लोक ‘हो’च म्हणतात, म्हणून त्यांतून हाती थोडं लागतं. त्याऐवजी तालिकेत शून्य उत्तर मिळालेले शोध घे. ग्रंथपालांची रीतसर परवानगी घेऊन, व्यक्तीची ओळख काढून टाकून, असे काहीशे शोध मिळव आणि प्रत्येक का फसला ते लाव: टंकलेखनातली चूक, वाचकाचा शब्द एक आणि विषयशीर्षक दुसरं, नोंदीतलीच चूक, की पुस्तकच नाही. इथे नोंद करणारा आणि शोधणारा समोरासमोर येतात, आणि निष्कर्ष ग्रंथालयाला दुसऱ्या दिवशी वापरता येतात.

प्रश्नावलीच करायची असेल तर नमुन्याचा आकार नीट समज. क्रेजसी आणि मॉर्गन यांच्या १९७०च्या कोष्टकानुसार ५०० जणांमागे २१७, १००० मागे २७८, १०,००० मागे ३७० लागतात. हे आकडे भरून परत आलेल्या प्रश्नावल्यांचे आहेत. साठ टक्के परत येतील असं धरलं, तर २७८ मिळवायला ४६४ वाटाव्या लागतात. आणि त्या यदृच्छेने निवडलेल्या व्यक्तींना. वाचनकक्षात बसलेल्यांनाच वाटल्या तर ग्रंथालयात न येणाऱ्यांबद्दल एक अक्षरही कळत नाही, कोष्टक कितीही पाळलं तरी. आधी पंधरा-वीस जणांवर प्रश्नावली तपासून घे. एका प्रश्नात दोन गोष्टी विचारल्या असतील तर तिथेच उघड होईल.

पहिल्या दहा पुस्तकांची वही झाली की चौथ्या रकान्यासकट पाठव. अडलेल्या अंकांवर खूण कर, त्यांच्यावर पुढच्या पत्रात बोलू.

कळावे, लोभ असावा.