क्लोनाकिल्टी ब्लॅक पुडिंग कोणी पुढे चालवलं आणि त्या कुटुंबाने काय जपलं?

एडवर्ड टूमी यांनी. आयर्लंडमधल्या कॉर्क परगण्यात क्लोनाकिल्टी नावाचं गाव आहे. तिथलं खाटकाचं दुकान त्यांनी १९७६ मध्ये विकत घेतलं. ब्लॅक पुडिंग, म्हणजे रक्त घालून केलेलं सॉसेज, तिथे आधीपासूनच बनायचं. कृती १८८०च्या दशकातली, जोहाना ओब्रायन यांची. टूमी ते बंदच करणार होते! पण गिऱ्हाइकं त्याच्यासाठीच येतात हे पाहून त्यांनी जुनी कृती तशीच ठेवली: गोमांस, रक्त, कांदा, ओट्सचा जाड भरडा. काप केला की भरड्याचे दाणे स्पष्ट दिसतात. मसाल्याचं गुपित कुटुंबाकडेच आहे. २००५ मध्ये टूमी वारले. पत्नी कोलेट यांनी धंदा पुढे नेला. मला त्यांचंच कौतुक जास्त वाटतं.