‘बॅकिंग’ म्हणजे नेमका कुठला थर?

पत्राचा आशय : आमचे इचलकरंजीत यंत्रमाग आहेत. मुलगी टेक्स्टाइल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. पेटंट-शोधाची इंटर्नशिप करते. गालिच्याच्या एका शब्दावर दोन दिवस घालवते. हे काय करिअर? तिला एमपीएससी द्यायला सांगा, नाहीतर एलएलबी तरी. – एक वडील

नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं. तिला काय वाटतं, याबद्दल त्यात एक ओळही नाही. मला काळजी वाटली ती याची. तिचं ठरवायला तुम्ही मला सांगताय आणि तिला विचारलेलंच नाही.

त्या दोन दिवसांत ती काय करत असेल, सांगतो. पेटंट-शोध म्हणजे नव्या अर्जात मागितलेली गोष्ट जुन्या पेटंटांत आधीच आहे का, हे पाहणं. टफ्टेड गालिच्यात धागा ज्या कापडात रोवतात ते पहिलं बॅकिंग, मग लॅटेक्सचा लेप, आणि त्याखाली चिकटवतात ते दुसरं. आता समजा, नव्या अर्जाच्या क्लेममध्ये, म्हणजे नेमका कशावर हक्क हवा ते सांगणाऱ्या वाक्यात, नुसतं ‘बॅकिंग’ लिहिलंय आणि जुन्या पेटंटमध्ये पहिला एकच थर आहे. शब्दाचा अर्थ वरचं कापड धरला, तर जुन्या कागदाने नव्याचं नावीन्य संपू शकतं. खालचं धरला, तर नाही. अर्थ मनाने धरता येत नाही. या धंद्यातला जाणकार तो शब्द कसा वाचेल ते पाहायचं, अर्जातलं वर्णन ताडायचं. पण वर्णनातलं एखादं उदाहरण उचलून क्लेम अरुंदही करायचा नाही. शिवाय नावीन्य मोडायला क्लेममधली प्रत्येक गोष्ट एकाच जुन्या कागदात सापडावी लागते.

व्यापाऱ्याने ऑर्डरमध्ये नुसतं ‘जाड कापड’ लिहिलं तर तुम्ही माग चालू कराल का? सुताचा काउंट किती, विणीचं रीड-पिक किती, हे आधी विचाराल. लेक तेच करतेय, आणि तुमच्याच घरात शिकलीय.

एलएलबीशिवाय पेटंटचं काम होत नाही, हा गैरसमज सोडा. पेटंट कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे पेटंट एजंटच्या, म्हणजे दुसऱ्यांच्या वतीने पेटंटचे अर्ज करणाऱ्याच्या, परीक्षेला भारतीय नागरिकत्व, वयाची २१ वर्षं पूर्ण आणि विज्ञान, इंजिनिअरिंग किंवा तंत्रज्ञानाची पदवी लागते. तिची पदवी चालते. कायद्याची पदवी ही अट नाही. कोर्टात खटले लढवायचे असतील तर एलएलबी पुढे करता येईल. ही परीक्षा दरवर्षी होतेच असं नाही, म्हणून जाहिरातीवर लक्ष ठेवा.

एमपीएससी तिला स्वतःला हवी असेल तर जरूर द्यावी. तुमच्या हट्टासाठी नको.

पुढचं पत्र तिला लिहू द्या. आणि आज जेवताना विचारा, शेवटी तिने बॅकिंग कुठलं धरलं आणि का.