१९३२ ची फोर्ड हॉट रॉड १/८ मापात स्टायरीन शीटमधून बनवायची आहे, सुरुवात बॉडीपासून करू का?

नाही. बॉडीला इतक्यात हात लावू नका. आधी चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, आणि चासीच्याही आधी चार चाकं.

तुम्ही पुढे असंही विचारलंय की ठाण्यात शीट कुठे मिळेल, चिकटवायला काय वापरायचं, आणि एवढा खटाटोप करण्यापेक्षा सरळ थ्रीडी प्रिंटर घ्यावा का. त्याकडे येतो. पण बॉडी आधी की चासी आधी यावरून आमच्या घरात वर्षानुवर्षं वाद चालू आहे, त्यामुळे ते आधी सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

हॉट रॉड म्हणजे वेगासाठी फेरफार केलेली जुनी गाडी, आणि तिची ओळख म्हणजे गाडीची ठेवण. १९३२ ची साधी फोर्ड आणि तिचीच हॉट रॉड यांत पत्रा बराचसा तोच असतो. फरक पडतो तो गाडी जमिनीवर कशी बसते त्याने. पुढचा अ‍ॅक्सल खाली घेतलेला, मागे उंच टायर, पुढे लहान, मडगार्ड काढून टाकलेले. यातलं काहीही आधी शोभेसाठी नव्हतं. कॅलिफोर्नियातल्या म्युरॉक, एल मिराज अशा कोरड्या तळ्यांवर पोरं या गाड्या पळवायची. वजन आणि वारा कमी करायला मडगार्ड गेले, गिअर रेशो बदलायला मागचे टायर मोठे झाले. १९३७ मध्ये या शर्यतींसाठी सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन उभी राहिली. आणि फोर्डच का? तर १९३२ मध्ये सामान्य माणसाला परवडेल अशा किमतीत व्ही-८ दुसरं कोणी देत नव्हतं. २२१ घन इंच, ६५ हॉर्सपॉवर. काही वर्षांनी तीच गाडी जुन्या बाजारात पोरांच्या खिशाला झेपू लागली.

आता ३२ ची खोड ऐका. तिच्या आधीच्या मॉडेल ए मध्ये चासीची रेल, म्हणजे बाजूची लांब तुळई, आणि फूटबोर्ड यांच्यामध्ये पत्रा असायचा, रेल झाकली जायची. ३२ मध्ये रेलची बाहेरची बाजू उघडी आहे, तिच्यावर दाबून काढलेली एक लांब रेघ आहे, आणि बॉडीची खालची कड त्या रेलवर येऊन बसते. मडगार्ड काढले की ही रेल पुढून मागपर्यंत नजरेत येते. म्हणजे या एका गाडीत चासी हाच बॉडीचा खालचा भाग आहे. ती चुकली की वरचं काहीही वाचवत नाही.

माझा आतेभाऊ, आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो, वागळे इस्टेटमधल्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होता, म्हणजे ओतकामासाठी लागणारे लाकडी नमुने बनवणारा. हात असा की सागाच्या तुकड्यातून पंपाची केसिंग काढायचा आणि व्हर्नियर लावला तरी खोट सापडायची नाही. मी त्याच इस्टेटमध्ये व्हॅक्युम फॉर्मिंगच्या कामात, म्हणजे तापवलेली प्लास्टिक शीट हवा खेचून साच्यावर बसवायची. किंग्ज सर्कलच्या फूटपाथवर जुनी अमेरिकन मासिकं मिळायची, त्यात या गाड्या पहिल्यांदा पाहिल्या आणि दोघांनाही वेड लागलं. एकत्र एक मोठी ३२ कूपे, म्हणजे दोन दारांची बंद छताची गाडी, करायची ठरली. तीन खिडक्यांची, दारं मागच्या बाजूला बिजागरी असलेली, छत तीन इंच उतरवलेलं. १/८ मापात तीन इंच म्हणजे साडेनऊ मिलिमीटर.

मी म्हटलं, चासीपासून सुरू करू. दादा म्हणाला, "बघणारा बॉडी बघतो. चासी उलटी करून कोण बघणारे?" तो मोठा, वर पॅटर्नमेकर. बॉडी आधी झाली.

साचा त्याने अप्रतिम केला. त्या साच्यावरून हात फिरवल्याचं सुख मला अजून आठवतं. पण त्याने तो पूर्ण बॉडीच्या मापाचा केला. मी तेव्हाच सांगितलं की साचा आत आहे, शीट बाहेरून बसणार, तिची जाडी वजा कर. फाउंड्रीतल्या माणसाला हे पटत नाही, कारण त्याचं सगळं आयुष्य उलट्या दिशेने गेलेलं असतं: बीड थंड होताना आकसतं म्हणून पॅटर्न मोठा करायचा, फुटामागे साधारण एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. हातात मोठं करायची सवय, लहान करायची नाही. आम्ही २ मि.मी. ची शीट तापवून ओढली. ओढताना ती बाजूंना पातळ होते, दीडच्या आसपास उरते. दोन्ही बाजूंचे मिळून ३ मि.मी. जास्त. १/८ मापात ३ मि.मी. म्हणजे खऱ्या गाडीत जवळजवळ एक इंच.

एक इंचाने काय होतं असं दादा विचारायचा. हे होतं: बॉडीची कड रेलवर बसेना, म्हणून त्याने रेल बाहेर सरकवल्या. रेल सरकल्या तर मागचे टायर घासायला लागले, म्हणून अ‍ॅक्सल लांब केला. अ‍ॅक्सल लांब केल्यावर पुढचे टायर आत राहिल्यासारखे दिसू लागले, म्हणून पुढचा अ‍ॅक्सलही लांब. रेडिएटरचं कवच मूळ मापाचं, ते आता अरुंद दिसायला लागलं. शेवटी सगळं एकमेकांना जुळलं, फक्त ती ३२ राहिली नाही. ज्याला गाडीतलं काही कळत नाही तोसुद्धा म्हणायचा की छान आहे, पण काहीतरी वेगळं वाटतंय.

नंतर मी माझी स्वतंत्र केली. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर, १०६ इंच; मापात ३३६.५ मि.मी. काचेच्या तुकड्यावर त्या अंतरावर दोन रेघा, त्यावर चार चाकं उभी. मागचा टायर ३२ इंचांचा, म्हणजे १०१.६ मि.मी.; पुढचा २८ चा, म्हणजे ८९. पुढचा अ‍ॅक्सल खऱ्या गाडीत चार इंच उतरवलेला, म्हणजे १२.७ मि.मी. या चाकांच्या मध्ये रेल कुठे येते ते पुठ्ठ्याच्या पट्ट्या लावून, डोळा चाकाच्या उंचीला आणून, समाधान होईपर्यंत बघत बसायचं. मगच शीट कापायची. इथे घाई करणाऱ्याचं पुढचं सगळं काम मी मोजत नाही.

रेल भरीव करू नका, हाही दादाशी वादाचा मुद्दा. शीटवर शीट चिकटवून जाड ठोकळा केला की चिकटवायला वापरलेलं सॉल्व्हंट (प्लास्टिक विरघळवणारं द्रव) आत कोंडतं. ते बाहेर पडायला आठवडेच्या आठवडे घेतं, तोवर आतलं प्लास्टिक मऊ राहतं, आणि रंग दिल्यानंतर पृष्ठभाग खचतो, सांध्यांच्या रेघा वर येतात. १ मि.मी. च्या शीटची पोकळ पेटी करा, आत ठरावीक अंतरावर आडवे पडदे घाला, प्रत्येक पडद्याला आणि आतल्या बाजूला भोक ठेवा म्हणजे वाफ निघून जाईल. लांबी एक फुटाच्या वर आहे, म्हणून आतून पितळेची चौकोनी नळी घातलीत तर रेल पीळ खाणार नाही.

शीट. तुम्हाला हवी ती हाय इम्पॅक्ट स्टायरीन, बोलीभाषेत 'हिप्स'. आर्किटेक्चरच्या मुलांसाठी स्टेशनरीच्या दुकानात ठेवलेला सनबोर्ड घेऊ नका, तो फुगवलेला पीव्हीसी असतो, त्याला कड धरत नाही. वागळे इस्टेटमध्ये किंवा नवी मुंबईत महापे-तुर्भ्याकडे ट्रे आणि पॅकिंग बनवणाऱ्या व्हॅक्युम फॉर्मिंगच्या युनिटमध्ये जाऊन कडेची कापलेली पट्टी मागा. किलोच्या भावाने मिळते. तुकड्यावर अ‍ॅसिटोनचा थेंब टाकून बघा, लगेच चिकट झाला तर काम करण्यासारखा आहे. आयात केलेल्या पट्ट्या आणि नळ्या बारीक कामाला सुंदर, पण संपूर्ण गाडी त्यात करणं म्हणजे पैसे उधळणं.

जाडीचं एक सांगून ठेवतो. खऱ्या बॉडीचा पत्रा एक मिलिमीटरच्या आसपास, १/८ मध्ये तो कागदाएवढा होतो. तेवढं पातळ करता येत नाही आणि करायची गरजही नाही. खिडकीची कड, दाराची कड, मागच्या चाकाची कमान, एवढ्या दिसणाऱ्या जागा आतून कानस मारून पातळ करा. डोळा कडेवरून जाडी ओळखतो.

छत उतरवताना नुसता पट्टा कापून खाली बसवलं असं होत नाही. खांब तिरपे असतील तर वरचे आणि खालचे तुकडे एकमेकांसमोर येत नाहीत. एकतर खांब झुकवा, नाहीतर छत मध्ये कापून लांब करा. हे बॉडीच्या साच्यातच करून घेतलंत तर सोपं.

इंजिनाबद्दल एकच: आधी ठरवा की कोणत्या सालचं. १९३२ च्या फ्लॅटहेडच्या (फोर्डच्या त्याच व्ही-८ इंजिनाच्या) हेडला, म्हणजे वरच्या झाकणाला, २१ स्टड (घट्ट बसवणारे बोल्ट), १९३८ च्या उत्तरार्धापासून २४. जाणकार माणूस बॉनेट उघडताच मोजतो.

प्रिंटर. माझं स्पष्ट मत, बॉडीसाठी नको. प्रिंट केलेली बॉडी घासत बसण्यात जेवढे दिवस जातात तेवढ्यात शीटची उभी राहते, आणि मुख्य म्हणजे दोन मिलिमीटर इकडे की तिकडे हा निर्णय हाताला शिकायला मिळत नाही. मात्र तारांची चाकं, कार्बोरेटर, मीटरच्या रिंगा असं बारीक काही रेझिनमध्ये प्रिंट करून घेतलंत तर माझी तक्रार नाही. मोनोग्राम या अमेरिकन मॉडेल किटच्या कंपनीने १९६३ मध्ये याच मापात ३२ ची किट काढली होती. कुठे जुनी मिळाली तर मापं ताडायला घ्या, पण तिच्यावरून नक्कल करू नका.

राहिलेलं भराभर सांगतो. चिकटवायला एमईके (मिथाइल इथाइल कीटोन, एक सॉल्व्हंट) चालतं, ब्रशने सांध्यावर टेकवलं की आत ओढलं जातं. अनेकजण क्लोरोफॉर्म वापरतात. मी कोणाला सुचवणार नाही, आणि एमईकेसुद्धा खिडक्या उघड्या ठेवून, पंखा बाहेरच्या दिशेने लावूनच. घरात लहान मूल असेल तर बाटली कुलपात. मऊ पीव्हीसीचे टायर स्टायरीनच्या रिमवर बसवू नका, त्यातलं तेलकट द्रव्य रिम खातं. टायर पॉलियुरेथेनमध्ये ओतून घ्या. एनसी पुट्टी (खड्डे बुजवायची नायट्रोसेल्युलोजची लांबी) पातळ थरातच, जाड दिली की महिनोनमहिने आकसत राहते. आणि जून ते सप्टेंबर आपल्याकडे लॅकर मारू नका. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि रंग पांढरट होतो. पावसाळ्यात शीटचं काम करा, ते दमटपणाला जुमानत नाही. लाकडी साचा मात्र फुगतो, तो उन्हाळ्यात उरकून घ्या.

आणि समजा तुम्ही हे वाचण्याआधीच बॉडी करून बसला असाल आणि ती रुंद झाली असेल, तर चासी तिच्या मागे ओढू नका. बॉडी मधोमध उभी चिरा, जेवढी जास्त आहे तेवढी पट्टी काढा, आतून पट्टी लावून पुन्हा जोडा. काउल (काचेच्या पुढचा भाग), छत आणि डिकी, तिन्ही ठिकाणी सांधा मधल्या रेषेवर येतो, तिथे तो घासायला सगळ्यात सोपा. हे मी दादाला तेव्हाच सांगितलं होतं. एवढ्या मेहनतीने केलेली बॉडी चिरायची नाही, असं म्हणून त्याने करवत लावू दिली नाही, आणि दर गणपतीला हा विषय निघतो तेव्हा अजूनही तो म्हणतो की चासीच अरुंद होती. व्हर्नियर माझ्याकडे आहे. साच्याचं माप आणि बॉडीचं माप घेऊ, फरक ३ मि.मी. भरला तर करवत मी लावीन आणि खाली माझी चासी बसेल.